किनाकोची आजी पाहुणी जाते

तोशिएबाईंनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांचा पाहुणचार केला. कुसात्सूच्या डोंगरात, गरम झऱ्यावरच्या एका जुन्या वळणाच्या हॉटेलात त्या खोल्या सांभाळायच्या. गुडघ्यांवर बसून दार सरकवायचं, गुडघ्यांवर बसून ताटं मांडायची, पाहुणे पाण्यात डुंबायला गेले की गुडघ्यांवर बसूनच गाद्या घालायच्या. एवढ्या वर्षांत पाहुण्यांचं ते पाणी त्यांनी पाहिलं ते बहुतेक वाफेच्या रूपात. कामवाल्या बायकांनी उतरायचं ते शेवटचा पाहुणा उठल्यावर, आणि तोवर अंगात कपडे उतरवण्याचंही त्राण नसायचं.

गुडघे कामातून गेले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. नवरा गेल्यावर ओमियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहू लागल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांची एकच इच्छा उरली होती आणि ती त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. एकदा पाहुणी म्हणून जायचं. आपल्या चपला दुसऱ्या कुणीतरी सरळ करून ठेवायच्या, आणि आपण भर उजेडात, मानेपर्यंत पाण्यात बसून राहायचं, कोणाची हाक येणार नाही अशा बेताने.

म्हणून मे महिन्यात मुलाचा, हिरोयासूचा, फोन आला तेव्हा त्यांच्या छातीत धडधडायलाच लागलं.

"आई, इझूला येतेस का आमच्याबरोबर? एक रात्र राहायचं. समुद्र, गरम पाणी, सगळं आहे."

"छे रे, तुमच्या दोघांत मी कशाला? जा तुम्ही मजेत."

"अगं, चल ना."

"माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. उगाच तुमच्या गळ्यात लोढणं."

हे दोन नकार म्हणजे नुसता रिवाज. कोणी काही देऊ केलं की दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, अगदी नाइलाज झाल्यासारखं, हो म्हणायचं. पहिल्यांदाच हात पुढे करतो तो अधाशी, आणि तिसऱ्यांदाही मागे घेतो तो माजोरडा. हॉटेलात पाहुणे बक्षिशीचं पाकीट पुढे करायचे, तेव्हा तोशिएबाई हे असं बिनचूक करायच्या की नव्या मुलींना त्यांच्याकडे शिकायला बसवत. हिरोयासूने तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच चौथ्यांदाही विचारलं, आणि वर तिकीट काढून ठेवलंय म्हणाला. संशय यायचा तर तिथेच यायला हवा होता. पण माणसाला हवं ते मिळत असलं की संशय कुठला येतोय!

तिकिटं चौघांची होती. चौथी किनाको.

किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या रंगाची, कुरळ्या केसांची पूडल कुत्री. वजन साडेतीन किलो, त्यातले अर्धा किलो नखरे. घरात सगळ्यांना सगळ्यात धाकट्याच्या नात्याने हाक मारायची ही तर जुनीच पद्धत. हिरोयासूच्या घरात सगळ्यात धाकटी किनाको. त्यामुळे एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत हाताखाली वीस माणसं असलेला हिरोयासू घरी 'बाबा' झाला होता. दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देणारी त्याची बायको मिनाए 'मम्मा' झाली होती. आणि तोशिएबाई, ज्यांची कुत्रीशी आजवर चारदा गाठ पडली होती आणि त्यातल्या एका भेटीत ती त्यांना चावली होती, त्या बसल्या जागी 'आजी' होऊन बसल्या.

टोकियो स्टेशनावर मिनाएने त्यांना पाहिलं आणि पिशव्यांतून मान वर काढून म्हणाली, "आजी आल्या! किनाको, आजी आल्या बघ!" किनाकोने बघितलं नाही.

तोशिएबाईंजवळ कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. किनाकोजवळ दोन बॅगा, एक बाबागाडी आणि प्लास्टिकच्या फोल्डरात घातलेले कागद. लस टोचल्याचा दाखला, डॉक्टरांचे नंबर, इझूतल्या तीन जनावरांच्या दवाखान्यांचे नकाशे. घरच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, कारण परक्या पाण्याने तिचं पोट बिघडतं. घरची जुनी न धुतलेली चादर होती, कारण ओळखीचा वास आला की जीव शांत राहतो. गाडी लागू नये म्हणून गोळी. उकाडा झाला तर पोटाखाली घालायची थंड उशी.

"आजी, गाडीत तिचं डोकं पिशवीबाहेर आलेलं चालत नाही हं. नियम आहे. आणि खाली ठेवली तर हादरे बसतात." असं म्हणून मिनाएने ती पिशवी तोशिएबाईंच्या मांडीवर ठेवली, म्हणजे त्याच गुडघ्यांवर.

गाडी सुटली. तोशिएबाईंनी स्टेशनात बांबूच्या कोंबांचा भात घातलेला जेवणाचा डबा घेतला होता. प्रवास म्हणजे डबा, त्याशिवाय कसला प्रवास? त्यांनी दोरा सोडायला घेतला.

"आजी, आत्ता नको ना," मिनाए कुजबुजली. "प्रवासाआधी तिला तीन तास उपाशी ठेवलंय. वास आला की तिला वाटेल, मलाच नाही."

"आम्हीही नाही खाल्लं," हिरोयासू म्हणाला. तो स्टेशनवर येण्याआधीच नूडल्स हाणून आला होता, हे त्याच्या कॉलरवरच्या डागांत लिहिलेलं होतं.

डबा मिटला. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "अय्या! किती वर्षांची आहे?"

"सहा वर्षांची!" मिनाए म्हणाली.

"प्रवासाचा त्रास नाही ना होत तिला?"

"छे, कोणाच्या तरी मांडीवर असली की छान राहते."

कोणाच्या तरी मांडीने काही म्हटलं नाही.

गाडी शहराबाहेर पडली आणि मिनाएने दोन दिवसांच्या कार्यक्रमाचा कागद त्यांच्या हातात दिला. छापलेला, रंगीत, कोपऱ्यात पंजाचं चित्र. तीन रकाने होते. बाबा-मम्मांच्या रकान्यात साडेतीनला गरम पाण्यात स्नान, साडेसहाला जेवण, आठला पुन्हा स्नान, सकाळी सहाला पुन्हा स्नान. किनाकोच्या रकान्यात फिरणं, औषध, फोटो, आणि सकाळी आठला खास कुत्र्यांसाठीच्या कुंडात स्नान. आजीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : किनाको.

"म्हणजे कसं आहे ना," मिनाए घाईघाईने म्हणाली, "कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायचं नाही असा नियमच आहे तिथला. मागच्या वर्षी आम्ही आळीपाळीने पाण्यात गेलो. लग्नाचा वाढदिवस, आणि मी पाण्यात तेव्हा हे खोलीत, हे पाण्यात तेव्हा मी खोलीत! परत येताना बोलतसुद्धा नव्हतो आम्ही. मग हेच म्हणाले, आजींना घेऊ या."

हिरोयासू खिडकीबाहेर समुद्र शोधत होता. समुद्र अजून आला नव्हता.

तर असं होतं. तोशिएबाईंनी कागदाची घडी घातली आणि मनाशी म्हटलं, कागद काही का म्हणेना. विचारतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न विचारता कोण पाण्यात उतरतं? आणि एकदा विचारायला लागले की तिसऱ्यांदा आपण हो म्हणू.

हॉटेलच्या दारात मात्सुए नावाची साठीची बाई गुडघ्यांवर बसून वाकली होती. "किनाको-सामा, किती वाट पाहिली आपली!" मानाचा 'सामा' कुत्रीला लावून झाल्यावर तिने बाबा-मम्मांना नमस्कार केला. मग सामानाला हात घातला, आणि सामानामागे उभ्या तोशिएबाई तिला दिसल्या. किनाकोसाठी निळ्या फुलांचा युकाता, म्हणजे पाहुण्यांनी घालायचा सुती झगा, तयार होता, मापाचा. तोशिएबाईंना दिलेला युकाता घोट्यांच्या खाली वीतभर लोळत होता. चपला मात्र सरळ करून ठेवल्या होत्या. तेवढं खरं. तोशिएबाई दोन क्षण त्या चपलांकडे बघत राहिल्या.

खोलीत बाबागाडीची चाकं पुसून झाली, चादर अंथरून झाली, घरचं पाणी वाटीत ओतून झालं. मिनाए गुडघे टेकून त्यांच्यापुढे बसली. "आजी, दमला असाल. आधी तुम्ही पाण्यात जाऊन येता का?"

विचारलं! तोशिएबाईंचा चेहरा उजळला आणि तोंडातून आपसूक निघालं, "छे छे, आधी तुम्ही जा. माझं काय एवढं!"

"बरं!" मिनाए म्हणाली. टॉवेल तिच्या हातातच होता. दार सरकलं आणि दोघांच्या चपला व्हरांड्यातून फटफट करत निघूनही गेल्या.

तोशिएबाई उघड्या दाराकडे बघत राहिल्या. दुसरा नकार त्यांच्या तोंडातच राहिला होता. आजकालच्या पोरांना रीत ठाऊक नाही, त्यांनी स्वतःची समजूत घातली. कामाला जातात, शिकवणार कोण? किनाको उशीवर बसून त्यांच्याकडे बघत होती, आपल्याला वाढायला ही बाई कधी उठणार असं.

संध्याकाळी मात्सुएबाई ताटं मांडायला आल्या. किनाकोसाठी लाखेच्या तीन कप्प्यांच्या डब्यात हरणाचं मांस, लाल भोपळा आणि बिनमिठाचा मासा होता. तोशिएबाईंनी कमरेच्या पट्ट्यातून पांढरं पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढे केलं.

"अगं बाई, हे काय! नको नको," मात्सुएबाई मागे सरकल्या.

"अगदीच किरकोळ आहे. चहापाण्याला."

"छे, आमचं कामच आहे हे. उगाच लाजवता."

"एवढा मान राखा म्हाताऱ्या बाईचा."

"आता तुम्ही एवढं म्हणताय तर..." आणि पाकीट बाहीत असं सरकलं की सरकताना कोणाला दिसूही नये. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"इगाराशी-सान," मात्सुएबाईंनी आडनावाने हाक मारली, "तुम्ही या कामातल्या, नाही का? ताट उचलताना तुम्ही कड धरलीत ना, तेव्हाच ओळखलं."

"कुसात्सूला बत्तीस वर्षं."

"मग आमच्या पाण्याची परीक्षा तुम्हीच करायला हवी!" मात्सुएबाई हसल्या. "कसं वाटलं?"

"अजून उतरायचंय," तोशिएबाई म्हणाल्या. मिनाए तेव्हा हरणाच्या मांसाचे फोटो काढत होती.

आठ वाजता मिनाएने दारात उभं राहून विचारलं, "आजी, आता तुम्ही जाता?" कालच्या उरलेल्या भाताबद्दल विचारावं तसं. एक पाय आधीच चपलेत होता.

तोशिएबाईंना नको म्हणायचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण साठ वर्षांची सवय जिभेवर बसलेली असते, ती मनाला विचारून बोलत नाही. "जेवल्याबरोबर कुठे? जा तुम्ही दोघं, मला काही घाई नाही."

"बरं, मग उद्या सकाळी तुम्हाला विचारते हं!"

हे ऐकून तोशिएबाईंचा जीव भांड्यात पडला. दोन नकार देऊन झाले होते. राहिला होता तिसरा प्रश्न, आणि तो सकाळी येणार असं सुनेने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्या रात्री किनाको त्यांच्या गादीच्या मधोमध झोपली. तोशिएबाई कडेला अंग चोरून पडल्या, तरी त्यांना छान झोप लागली.

सकाळी सहाला त्या केस विंचरून, टॉवेलाची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मिनाए आणि हिरोयासू उठले, जांभया दिल्या, "आलोच हं आजी," म्हणाले आणि कागदात लिहिल्याप्रमाणे पाण्यात गेले. कोणी विचारलं नाही. न्याहारीत विचारलं नाही. आठ वाजता सगळे किनाकोच्या कुंडावर गेले. दगडी, उथळ, वर लाकडी छप्पर, पाणी त्याच झऱ्याचं. किनाकोच्या डोक्यावर घडी घातलेला छोटा टॉवेल ठेवला, माणसं ठेवतात तसा. तिने डोळे मिटले.

"आजी, तिची पाठ धरा ना, घसरतेय. थोडं खाली वाका. तुमचा हात येतोय फोटोत."

तोशिएबाईंनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी फार चांगलं होतं. मऊ, थोडंसं निसरडं, हाडापर्यंत जाणारं. बत्तीस वर्षं झऱ्यावर काढलेल्या बाईला ते मनगटावरूनही कळतं. आणि डोक्यावर टॉवेल घेऊन आत बसली होती कुत्री. तोशिएबाईंना संताप आला, आणि कुत्र्याचा हेवा करण्याची वेळ आपल्यावर आली याची लाजही वाटली.

मात्सुएबाई कोरडे टॉवेल घेऊन आल्या. बाबा-मम्मा किनाकोच्या अंगावर ड्रायर फिरवायला पलीकडे गेले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "अजून नाही ना उतरलात?"

"नियम आहे ना तुमचा. कुत्र्याला एकटं ठेवायचं नाही."

"खोलीत नाही ठेवायचं. पण आमच्याकडे सांभाळायची खोली आहे की, पाहुण्यांना फुकट. दोन बायका असतात. काल येताच सांगितलं मी सूनबाईंना."

"मग?"

मात्सुएबाईंनी टॉवेलाच्या कडा जुळवल्या. "अनोळखी माणसांत ती घाबरते म्हणाल्या. आणि आजी आहेतच, म्हणाल्या."

बायकांचं पाणी साडेनऊला बंद व्हायचं होतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी मिनाए किनाकोला दुपट्यात गुंडाळून खोलीत आली आणि ते गाठोडं तोशिएबाईंपुढे धरलं. "दमली हो बिचारी. आजी, घ्या ना हिला. आम्ही निघण्याआधी शेवटचं एकदा पाण्यात जाऊन येतो."

'हो हो, जा' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तोशिएबाईंनी ते गिळले.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्या कुटुंबात इतका आखूड नकार कोणी दिला नव्हता. मिनाएचे हात तसेच पुढे राहिले.

"मी जाते पाण्यात. तुम्ही दोघं बसा हिच्यापाशी."

"पण आजी, तुम्हीच तर काल... आणि आता पंचवीसच मिनिटं आहेत."

"पुरतील."

"आई?" हिरोयासू म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो 'आई' म्हणाला. तोवर त्या व्हरांड्यात पोचल्याही होत्या, गुडघे कुरकुरत असताना, त्या लोळत्या युकात्यात जमेल तेवढ्या झपाझप.

अशा हॉटेलांत रात्रीत पुरुषांच्या आणि बायकांच्या कुंडांची अदलाबदल झालेली असते. समुद्राकडचं कुंड सकाळी पुरुषांचं होतं. बायकांच्या वाट्याला बांबूच्या कुंपणामागचं आलं होतं, आणि कुंपणापलीकडे अंगण आणि मोटारी. समुद्र नाही याचं तोशिएबाईंना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. मग त्यांनी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुतलं आणि पाण्यात एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि मानेपर्यंत खाली गेल्या. कुंडात दुसरं कोणी नव्हतं. पाणी काठावरून सांडलं, त्यांच्या अंगाइतकं. गुडघे आधी ठणकले आणि मग गप्प झाले. त्यांना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

थोड्या वेळाने कुंपणापलीकडून बाबागाडीची चाकं वाजली.

"काहीतरी बिनसलंय आजींचं," मिनाएचा आवाज.

"हं."

"नाही म्हणाल्या. तोंडावर! कधी ऐकलं होतंस तू त्यांना नाही म्हणताना?"

"काल म्हणाली की. दोनदा."

"ते 'नाही' वेगळं रे. ते आपलं म्हणायचं म्हणून. ते काय मला कळत नाही? आजचं खरं होतं. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं. आधी मनातलं बोलायला लागली, मग माणसं विसरली."

"डॉक्टरांना दाखवू या?"

"दाखवायलाच हवं. अशा अवस्थेत पुढच्या वर्षी किनाकोला त्यांच्यापाशी कसं सोडायचं?"

पाणी तेवढंच गरम होतं, तरी तोशिएबाईंच्या अंगावर काटा आला. कालपासून त्या सुनेची बाजू घेत होत्या. पोरांना रीत ठाऊक नाही, शिकवणार कोण, असं म्हणत होत्या. रीत तिला चांगली ठाऊक होती. पहिल्या नकारामागे काय असतं हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच टॉवेल आधीपासून हातात होता. आणि मुलाला? तो तर याच रिवाजात त्यांच्या पदराखाली वाढलेला.

"इगाराशी-सान," पडद्याबाहेरून मात्सुएबाई अदबीने म्हणाल्या, "नळ बंद करायची वेळ होत आली."

"आणखी पाच मिनिटं," तोशिएबाई म्हणाल्या.

"सावकाश. आधी मी पुरुषांकडचं आवरते."

कुंपणापलीकडची चाकं थांबली. आजींचा आवाज आपल्याला ऐकू येतो म्हणजे आपलाही त्यांना ऐकू गेला असणार, हे आत्ता कुठे त्या दोघांच्या लक्षात आलं असावं. मग मिनाएने गोड आवाजात हाक मारली, "आजी! झालं का? किनाको वाट बघतेय हो!"

"कोण किनाको?" तोशिएबाई म्हणाल्या.

"बघितलंस?" मिनाए खालच्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. "लागल्या विसरायला."

तोशिएबाईंनी ते नीट ऐकलं, पाय लांब केले, आणि पाचाची दहा मिनिटं केली.